मांगीतुंगीला जाताय ना, मग मूर्ती बघून परत फिरू नका

मांगी आणि तुंगी, सटाण्याच्या पुढचे दोन जोडसुळके, जैनांचं तीर्थ. मागच्या रविवारी जाऊन आलो, मी, आई आणि आमच्या खालच्या मजल्यावरचे काका. काका जैन, त्यांची ही सातवी खेप, म्हसरुळच्या गजपंथाला, म्हणजे नाशिकजवळच्या जैन लेण्यांच्या डोंगरावर, तर ते दर महिन्याला चढतात. नाशिकहून पहाटे पाचला निघून सोग्रस फाटा, देवळा, सटाणा, ताहाराबाद असं करत चहा-नाश्ता धरून साडेआठला पायथ्याला. सव्वाशे किलोमीटर असेल.

१०८ फुटी ऋषभदेवांची (जैनांचे पहिले तीर्थंकर) मूर्ती अख्ख्या कातळात कोरलीय, २०१६ ला प्रतिष्ठापना झाली, गिनीजमध्ये नोंद आहे वगैरे सगळ्यांना माहितीये. भारीच आहे, मान दुखते बघून. पण निम्मी पब्लिक तिथेच सेल्फी काढते अन् खाली उतरते, आणि खरं जुनं जे आहे ते वर आहे राव!

पायऱ्या मी हजारापर्यंत मोजल्या, मग नाद सोडला. आईला डोली केली, भाव खालीच नक्की करा, आमच्याकडे वर गेल्यावर 'अजून द्या' सुरू झालं. मांगीच्या सुळक्याभोवती गुहा आणि कड्यावर ओळीनं कोरलेले तीर्थंकर, काही इतके झिजलेत की नाक-डोळे गेलेत, नुसती मांडी घातलेली आकृती उरलीय. मला तीच जास्त आवडली. प्रदक्षिणेची वाट अरुंद, वारा असा की टोपी गेलीच माझी.

मग खिंडीतून तुंगीला. जैन परंपरेत बलरामांनी श्रीकृष्णाचा अंत्यसंस्कार याच दोन शिखरांच्या मधे केला असं मानतात. आणि तुंगीवर राम! आपण नाशिककर, राम म्हटलं की काळाराम, पंचवटी, गोदाघाट. इथे राम, हनुमान, सुग्रीव सगळे दीक्षा घेतलेले मुनी, इथूनच मोक्षाला गेले, सोबत ९९ कोटी मुनी. धनुष्य नाही, सीता शेजारी नाही, नुसतं पद्मासन. आई बराच वेळ हात जोडून उभी होती, मग हळूच म्हणते, "काका, हे आपलेच राम ना हो?" काका म्हणाले, "आपलेच की ताई, आमच्यात जरा पुढची गोष्ट सांगतात."

पाणी खालूनच न्या, निदान दोन लिटर. वर अनवाणी फिरायचं, अकरानंतर दगड तापतो, त्यामुळे जाड मोजे ठेवा (काकांची टीप, मी ऐकली नाही, दोन फोड आले). मुल्हेरचा किल्ला समोर दिसतो ते बोनस.

खाली भोजनालयात साधं, गरम, कांदा-लसूण-बटाटा नसलेलं जेवण मिळतं, नळाला कापडाचं गाळणं बांधलेलं. पण सूर्यास्ताआधी, नंतर जैन लोक खात-पीत नाहीत. आम्हाला उतरायला उशीर झाला, बंद! शेवटी सटाण्यात मी अन् आईनं पावभाजी हाणली, काका गाडीतच बसून राहिले, पाणीसुद्धा नाही घेतलं माणसानं, उलट मलाच विचारतात, "पोटभर खाल्लंत ना?"