जुन्या फोटोंना सागवानी फ्रेम : कोपरे चोख, मागची बाजू सांगून करून घ्या

म्हापशाच्या बाजारातल्या या छोट्या दुकानात सागवानी पट्टी अजून तिथेच कापतात, आणि ते कोपऱ्यात दिसतं. ४५ अंशांच्या कापांत कागदसुद्धा शिरत नाही. सांधा नुसत्या चुकांच्या, म्हणजे बारीक खिळ्यांच्या, भरवशावर सोडत नाहीत; आधी सरस, ते सुकेपर्यंत शिकंजा, मग चुका.

८ × १० इंची फोटोला चहूबाजूंनी २ इंच माउंट (फोटो आणि काच यांच्यामधली पुठ्ठ्याची चौकट) धरला की काच १२ × १४ची. एक इंची पट्टी जेमतेम पाच फूट लागते, पण तिरक्या कापांत जाणारी तूट धरून सहा फुटांचे पैसे लावतात. रास्त आहे. पट्टीच्या मागे काच-फोटो बसवायची जी खाच असते, तिची खोली मात्र स्वतः मोजा. २ मिमी काच, दीड मिमी माउंट, फोटो, मागे ३ मिमी हार्डबोर्ड आणि वर चुका, म्हणजे १० मिमी तरी हवी. उथळ खाचेत चुका दाबून ठोकतात आणि काच कोपऱ्यात तडकते.

दुकानाची खोड एकच, पण मोठी : न सांगितल्यास फोटो थेट काचेला लावून देतात. गोव्याच्या पावसाळ्यात फोटोवरचा जिलेटिनचा थर ओलाव्याने मऊ पडून काचेला चिकटतो. ओढून काढलात तर आजोबांचा चेहरा काचेवरच राहतो! म्हणून माउंट हवाच, तोही आम्लरहित. साध्या पुठ्ठ्याने फोटोची कड तपकिरी पडते. फोटो माउंटला लावताना सेलोटेपला सरळ नाही म्हणा. वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या खळीने डकवलेल्या, पुरतात. बाकी कडा मोकळ्या ठेवायच्या, कारण दमट हवेत कागद फुगतो आणि जखडलेला असला की सुरकुततो.

पोर्तुगीज काळातले स्टुडिओचे फोटो बहुधा जाड पुठ्ठ्यावर डकवलेले असतात. ते पुठ्ठ्यासकटच बसवून घ्या; ‘भिजवून सोडवतो’ म्हणाले तरी देऊ नका.

चिऱ्याची भिंत ओल धरते, तेव्हा फ्रेमच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून घ्या, हवा खेळती राहते. हूक पितळीच, खाऱ्या हवेत लोखंडी गंजतो.

काम फेब्रुवारी-मार्चात द्यावं. पावसात फुगलेल्या लाकडाची फ्रेम पुढे कोरड्या दिवसांत आकसते आणि सांधा आतल्या बाजूने उघडतो. शिवाय चवथीच्या तोंडावर देवांच्या तसबिरींची रांग लागलेली असते, तेव्हा माउंटबद्दल ऐकून घ्यायला कोणी मोकळं नसतं.