फिनलंड की दक्षिण कोरिया: पोरांचं बालपण कुठे बरं?

फिनलंडमध्ये पोरगं सातव्या वर्षी पहिलीत जातं, त्याआधी एक वर्ष प्री-स्कूल, पण तिथेही भर खेळण्यावरच. साधारण ४५ मिनिटांचा तास झाला की १५ मिनिटं सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे बाहेर, थंडी असली तरी स्वेटर-टोपी घालून बाहेरच! दुपारचं गरम जेवण शाळेतच फुकट, हे १९४८ पासून चालू आहे. देशभर एकच अशी मोठी परीक्षा थेट शेवटी, बारावीच्या वयात.

कोरियात शाळा सुटली की खरा दिवस सुरू होतो, कारण मग हागवॉन, म्हणजे आपले प्रायव्हेट क्लासेस हो. सोलमध्ये हे क्लास रात्री दहाला बंद करायचा नियम करावा लागला, यावरून काय ते समजा (लातूर-कोटावाल्यांना नवल वाटायचं नाही). नोव्हेंबरात सुनुंग नावाची कॉलेज प्रवेशाची देशव्यापी परीक्षा असते, त्या दिवशी इंग्रजी लिसनिंगच्या वेळी विमानांची उड्डाणं थांबवतात, ऑफिसं उशिरा उघडतात, उशीर झालेल्या पोराला पोलीस गाडीतून सोडतात. परीक्षेआधी चिकट मिठाई द्यायची, म्हणजे पोरगं पासला चिकटेल, आणि समुद्री शेवाळाचं सूप नाही, घसरेल म्हणून!

आता गंमत बघा, २०२२ च्या पिसा चाचणीत (वेगवेगळ्या देशांतल्या पंधरा वर्षांच्या पोरांची तुलना करणारी आंतरराष्ट्रीय चाचणी) गणितात कोरिया ५२७, फिनलंड ४८४. मार्कांत कोरियाच पुढे, तरी मला विचाराल तर माझं पोरगं मी फिनलंडलाच घालीन, थंडीचं बघून घेऊ.