जत्रेतल्या ‘संजीवनी’चा गोळा आणि सोबतची पुडी

जत्रेत खाजाच्या दुकानांपलीकडे गोणपाटावर सुकलेल्या, मुठीएवढ्या तपकिरी गोळ्यांचा ढीग दिसला की समजायचं, ‘संजीवनी’ आली. परातीत एक गोळा सकाळपासूनच भिजत असतो, उघडून हिरवागार झालेला. शेजारी कोरडा. ‘मेलेलं झाड उठतं, मग तुमची साखर काय चीज!’ गोळा स्वस्तात देतात. पैसे उकळतात ते साखरेवरचं औषध म्हणून सोबत दिलेल्या पुडीवर.

झाड खोटं नाही. ते सिलॅजिनेला ब्रायोप्टेरिस, क्लबमॉसच्या नात्यातलं, फूल-बी नसलेलं, बीजाणूंवर वाढणारं. खडकाळ डोंगरांवर राहतं. पाणी आटलं की फांद्या आत मुडपतात, पेशींचं काम जवळपास थांबतं. पाणी मिळालं की काही तासांत पसरतात. म्हणजे ते मेलेलं नव्हतंच. कोकणात पावसाळ्यात ओल्या दरडींवर पसरणारी नाजूक सिलॅजिनेला त्याच कुळातली, पण ती बहुधा सुकली की सुकली.

नुसतं उमलण्यावर जाऊ नका. मेक्सिकोकडच्या सिलॅजिनेला लेपिडोफिलाचा मेलेला गोळाही पाण्यात उघडतो. सुकलेल्या फांद्या पाणी शोषून फुगतात, इतकंच. घरी साध्या पाण्यात ठेवून दुसऱ्या दिवशी बघा. आतली बाजू हिरवी झाली तर जिवंत. तपकिरीच राहिली, बुळबुळीत होऊन वास आला, तर मेलेला. पाणीच हिरवं झालं आणि फडक्याला रंग लागला, तर रंगवलेला. जिवंत असला तरी सतत बुडवून ठेवला की कुजतो.

ऊन लागणं, लघवीची जळजळ यांवर ही वनस्पती परंपरेने वापरतात, हे खरं. त्यावरून मधुमेह बरा होतो असं ठरत नाही. ‘होमिओपॅथीवाले हेच देतात’ ही दुसरी थाप. ते औषध लायकोपोडियम क्लॅव्हेटमच्या बीजाणूंचं, झाडच वेगळं.

पुडी मात्र जिवावर बेतू शकते. अशा निनावी ‘जडीबुटी’त मधुमेहाच्या ॲलोपॅथीच्या गोळ्या किंवा स्टिरॉइड मिसळल्याचे प्रकार उघड झाले आहेत. त्यामुळे चार दिवस ‘गुण’ येतो, माणूस आणखी मागवतो. स्वतःची गोळी चालू असताना वर मधुमेहाच्या गोळ्या मिसळलेली पुडी पोटात गेली तर साखर एकदम उतरू शकते: दरदरून घाम, हातपाय थरथरणं, गुंगी. माणूस शुद्धीत असेल तर लगेच साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. उरलेली पुडी फेकू नका, डॉक्टरांपुढे ठेवा.