पत्र्याचा मोठा कूलर: मार्च ते सप्टेंबर वापरून झाल्यावर

मार्चअखेर हिंगणघाटहून लोखंडी पत्र्याचा कूलर आणला. कंपनीचा प्लास्टिकवाला नव्हे, आपल्याकडे वेल्डिंगच्या दुकानात बनवून देतात तो: तीन बाजूंना ताट्या (पाण्याने ओल्या राहणाऱ्या सालपटांच्या किंवा गवताच्या चौकटी), मधे पंखा, खाली टाकी आणि टाकीतलं पाणी ताट्यांवर सोडणारा पंप. घरावर टिन, खोली पश्चिमेकडची. आता टाकी कोरडी करून तो पडवीत ठेवायची वेळ आली, म्हणून सविस्तर लिहितो.

एप्रिल-मेसाठी दहापैकी नऊ गुण, जुलै-ऑगस्टसाठी दोन. मशीन तेच, पाणी तेच, पंखा तोच. फरक हवेचा.

कूलर घेताना लोक पंख्याचा आकार पाहतात, टाकी किती लिटरची ते विचारतात. गारवा येतो कुठून, हे कुणी विचारत नाही. तो थंड पाण्यातून येत नाही, पाणी उडून जाण्यातून येतो. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती ताटीतून जाणाऱ्या हवेतूनच घेतली जाते. माठाचं तत्त्वही हेच, फक्त इथे पंखा लावून ते जोरात चालवलेलं. दहावीच्या विज्ञानात अप्रकट उष्मा शिकलो होतो: एक ग्रॅम बर्फ वितळायला 80 कॅलरी, एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ व्हायला 540. पाणी न उकळता साध्या हवेत उडालं तर आणखी जरा जास्त, 580 च्या आसपास. म्हणजे एक लिटर पाणी उडालं की हवेतून जवळपास 0.67 युनिट विजेएवढी उष्णता निघून जाते. आमचा पंखा आणि पंप मिळून तासाला त्याच्या निम्मीही वीज खात नाहीत, आणि भर दुपारी तासाभरात कितीतरी लिटर पाणी उडतं. एसीच्या बिलापुढे कूलर एवढा स्वस्त का, ते यात आलं.

म्हणूनच बर्फाचा सल्ला मला पटत नाही. गावात जो येतो तो म्हणतो, "भाऊ, टाकीत बर्फाची लादी टाकून पाहा ना." टाकून पाहिली. पहिली काही मिनिटं झुळूक खरंच झकास लागते. पण किलोभर बर्फ वितळून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत शंभर-सव्वाशे किलोकॅलरीच घेतो. तेवढी उष्णता पाव लिटरहूनही कमी पाणी नुसतं उडालं तरी जाते. पाहुण्यांसमोर मिरवायला ठीक, रोजचे पैसे घालवू नका.

उलट प्रयोग जास्त बोलका आहे. आमच्या उन्हातल्या काळ्या टाकीतलं पाणी मेमध्ये दुपारी हात पोळेल इतकं तापतं. तेच कूलरमध्ये भरलं, पंप आणि पंखा चालू ठेवला, आणि थोड्या वेळाने टाकीत थर्मामीटर बुडवला तर पारा 25 च्या जवळ. बाहेर तेव्हा 44 होते. कुणी थंड केलं नाही, ताटीवरून फिरता फिरता त्यातलंच थोडं उडालं आणि उरलेलं गार झालं.

भिंतीवर तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र लावलं आहे. 44 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असलेल्या दुपारी ताटीतून येणारी हवा 28 च्या आगेमागे असायची. म्हणजे सोळा अंशांचा उतार, टिनाच्या घरात! 2013 च्या मेमध्ये नागपूरचा पारा 47.9 वर गेला होता. तसल्या कोरड्या भट्टीतही हे यंत्र जीव धरून ठेवतं. मृग बरसला की खेळ संपला. जुलैत 33 अंश आणि 75 टक्के असताना कूलरची हवा जेमतेम 30. हवेतच ओल भरलेली, मग पाणी उडणार कुठे? वर अंग चिकचिकतं. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवा, तोच बरा.

याच कारणाने खिडकी-दार उघडं हवं. गारवा पळून जाईल म्हणून शेजारी सगळं बंद करून बसतात आणि तासाभरात कूलर "थंड करत नाही" अशी तक्रार करतात. दमट झालेली हवा बाहेर जायला वाट नसेल तर तीच पुन्हा फिरते. कूलर खिडकीबाहेर, सावलीत, आणि समोरचं दार फटभर उघडं, ही मांडणी आम्हाला मानवली.

तक्रार पाण्याची. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, दिवसाला टाकी पुन्हा पुन्हा भरावी लागायची, आणि गावात नळ दोन दिवसांआड. ज्यांच्या घरी बोअर नाही त्यांनी हा खर्च आधी धरावा. बोअर असली तरी पाणी जड: उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात. मेअखेर ताट्या पांढऱ्या पडून कडक झाल्या होत्या, हवा अडायला लागली. आठवड्यातून एकदा टाकीतलं सगळं पाणी काढून झाडांना घालायचं आणि टाकी घासून कोरडी करायची. घासल्याने कडेला चिकटलेली डासांची अंडी निघतात, कोरड्यात अळ्या मरतात, क्षारही साचत नाहीत. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, हे घरच्या पोरांनाही सांगून ठेवा.

ताट्या आमच्या लाकडाच्या सालपटांच्या. खस (वाळा) महाग, पण वास पहिल्या काही आठवड्यांत अख्ख्या घराला पुरतो. पुढच्या वर्षी एक बाजू तरी खसची करणार.

आणि पत्र्याच्या कूलरला अर्थिंग नसेल तर घेऊच नका. ओला पत्रा, ओली फरशी, अनवाणी पाय. पाणी भरताना आधी प्लग काढायचा, बटण बंद करून भागत नाही.

पंप मात्र भुक्कड निघाला. ऐन नवतपात बसला, आणि ज्याने विकला तो म्हणे मोटारीची गॅरंटी नसते. नवा पंप आताच, सप्टेंबरात घेऊन ठेवतो आहे. मेमध्ये दुकानदार म्हणेल तो भाव द्यावा लागतो.