डर्बीशायर समजून घेण्यासाठी एक नकाशा: ओएल २४

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेच्या एक्सप्लोरर मालिकेतील ओएल २४ हा ‘व्हाइट पीक’चा नकाशा पायी भटकणाऱ्यांसाठी काढलेला असला, तरी इंग्लंडमधील डर्बीशायर या काउंटीची (जिल्ह्याची) जडणघडण समजून घ्यायलाही त्याच्याइतके चांगले साधन मला आढळलेले नाही. त्याचे प्रमाण १:२५,००० असल्याने जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर चार सेंटिमीटर होतो आणि शेताशेतांमधले दगडी गडगेसुद्धा वेगळ्या रेषांनी दाखवता येतात. चुनखडीच्या या उघड्या पठारावर झाडे विरळ असल्यामुळे आपण नेमके कोठे उभे आहोत, हे पुष्कळदा त्या गडग्यांवरूनच ठरवावे लागते. चेल्मॉर्टन गावाभोवती ते लांबट, अरुंद पट्ट्या आखत जातात. मध्ययुगातील शेतजमिनीची वाटणी त्यांत अजून दिसते.

दऱ्यांपाशी समोच्च रेषा एकदम दाटतात. मात्र लॅथकिल दरीच्या वरच्या भागातील नदीच्या निळ्या रेषेवर विसंबू नये, कारण चुनखडी पाणी मुरवते, शिशाच्या जुन्या खाणींतून पाणी काढण्यासाठी खोदलेली भुयारेही ते खाली ओढून घेतात, आणि उन्हाळ्यात तेथील पात्र कोरडे पडते. बंद खाणींची तोंडे नकाशात नोंदलेली आहेत, ही सोय क्षुल्लक नाही.

काउंटीतील सर्वांत उंच ठिकाण, ६३६ मीटरचे किंडर स्काउट, येथे सापडणार नाही. भरड वालुकाश्म आणि पीटचा (कुजलेल्या वनस्पतींच्या दलदली मातीचा) तो काळपट मुलूख याच मालिकेतील ओएल १ या नकाशात येतो. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो लोक तेथे पायी फिरण्यावरची बंदी झुगारून किंडरवर चढले होते. आता तेथील मोकळी जमीन २००० सालच्या कायद्यानुसार पायी फिरण्यास खुली असून नकाशात फिकट पिवळ्या रंगाने दाखवली जाते.

दोन्ही बाजूंनी छापलेला एवढा मोठा कागद वाऱ्यात उलटणे त्रासाचे आहे. दुसरी उणीव अधिक मोठी वाटते. डर्बी शहर आणि ट्रेंट नदीचे सपाट खोरे या दोन्ही नकाशांबाहेर राहते. ब्रिटनमध्ये समुद्रापासून सर्वांत दूर असलेले ठिकाण म्हणून ऑर्डनन्स सर्व्हेनेच ठरवलेले, कोटन इन द एल्म्सजवळचे चर्च फ्लॅट्स फार्म त्याच दक्षिण भागात आहे. म्हणजे काउंटीचे अंतर्देशीयपण जेथे पुरते सिद्ध होते, तेथे पोहोचण्यासाठी आणखी एक नकाशा विकत घ्यावा लागतो.

प्लास्टिकचा थर दिलेली आवृत्ती जड आहे, पण तेथील पाऊस पाहता तीच घ्यावी. एकाच नकाशावर भागवायचे असेल, तर ओएल १ पेक्षा ओएल २४ मध्ये गावे, शेते, नद्या आणि खाणी यांची गुंफण अधिक पाहायला मिळते.