बाल्डर्स गेट ३ : काही महिने खेळल्यानंतर, त्यातल्या प्रेमकथांबद्दल

या व्हिडिओ गेमच्या लढाया, फासे, ग्राफिक्स यांवर भरपूर लिहून झालंय. मला बोलायचंय ते रोमान्सबद्दल, कारण गेमर मंडळी हमरीतुमरीवर येतात ती यावरूनच.

लारियन या स्टुडिओने २०२३ मध्ये हा गेम आणला तेव्हा गेल, ॲस्टेरियन, विल, शॅडोहार्ट, कारलाक, लेझेल या सगळ्या सोबती पात्रांची दारं सगळ्यांना उघडी ठेवली. तुमचं पात्र पुरुष असो वा बाई, कोणाशीही सूत जुळू शकतं. 'समलिंगी प्रेम आमच्यावर लादतात' ही काही गेमर्सची तक्रार मला अजिबात पटत नाही. गेलने जवळीक दाखवली तर संवादात सरळ नाही म्हणा. तो सोबत राहतो, मैत्रीही टिकते. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे : सगळेच सगळ्यांना मिळणार असतील तर त्या पात्राची स्वतःची अशी आवड उरली कुठे?

इथे ड्रॅगन एज : इन्क्विझिशन या दुसऱ्या गेममधला डोरियन आठवतो. त्याला फक्त पुरुष आवडतात, बाईचं पात्र घेऊन गेलात तर नकारच मिळतो. रेडक्लिफच्या गुत्त्यात त्याचा बाप भेटतो आणि कळतं, की मुलाला 'बदलण्यासाठी' त्याने रक्तजादूचा घाट घातला होता. मी गे आहे. 'लग्न करून टाक, सगळं सुरळीत होईल' हे मी घरात ऐकलंय, त्यामुळे तो प्रसंग काळजाला भिडला. डोरियन कोणाचाही होऊ शकला असता, तर त्या भांडणात दमच राहिला नसता.

हाच गेम ईए या प्रकाशक कंपनीने २०१४ मध्ये भारतातल्या विक्रीतून काढून घेतला, अश्लीलताविरोधी कायद्यांचा भंग टाळण्यासाठी म्हणे. नेमकं काय खटकलं असतं ते सांगितलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने वर्षभरापूर्वीच समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा लागू केलं होतं, आणि प्रौढांच्या संमतीच्या संबंधांची त्यातून सुटका व्हायला सप्टेंबर २०१८ उजाडला.

बाल्डर्स गेटचं बळ ॲस्टेरियनमध्ये दिसतं. तो व्हॅम्पायर आहे, आणि त्याच्या मालकाने दोनशे वर्षं त्याचं शरीर आमिष म्हणून वापरलं. दुसऱ्या अंकात तो कबूल करतो, की आपल्याशीही त्याने सुरुवातीला स्वतःच्या बचावासाठीच लगट केली. तेव्हा त्याला मिठी मारता येते. आधी तो ताठ उभा राहतो, मग हळूहळू त्याचे हात वर येतात. समोर पुरुष असो की बाई, हा प्रसंग तितकाच खरा वाटतो.

विलच्या बाबतीत मात्र मन भरलं नाही. हा ड्यूकचा मुलगा माझ्या पुरुष पात्राला लग्नाची मागणी घालतो आणि ते कोणालाच वेगळं वाटत नाही. पहिल्यांदा मला याचा फार आनंद झाला. दुसऱ्या वेळी बाईचं पात्र घेऊन खेळलो तर संवाद जवळपास तेच. मला दोन्ही हवंय : बहुतेक पात्रं सगळ्यांसाठी खुली, आणि एकदोन तरी अशी, ज्यांचं 'नाही' पक्कं असेल.

रोमान्ससाठी घ्यायचा विचार असेल तर खुशाल घ्या. सुरुवात ॲस्टेरियनपासून करा, आणि त्याच्या बाबतीत घाई करू नका.