लातूरचा नकाशा दापोलीला चालेल का?

मराठवाड्यातले कुटुंब कोकण किनाऱ्यावर घर बांधायचे ठरवते, तेव्हा त्याच्यासमोर साधारणपणे दोन नकाशे येतात. पहिला ओळखीचा असतो: वाड्याच्या वळणाचे आटोपशीर घर, बेताच्या खिडक्या, सपाट स्लॅब, पश्चिमेकडून बंद आणि मधोमध चौक. दुसरा एका खोलीच्या रुंदीचा, लांबट असतो, दोन्ही अंगांना खिडक्या, पुढे रुंद पडवी आणि वर उतरते छप्पर. पहिल्याकडे ओढा असणे स्वाभाविक आहे, तरीही दापोली-गुहागरकडे दुसराच घ्यावा असे माझे मत आहे. मात्र छपराच्या बाबतीत एक तडजोड करावी लागते.

दोन्हीकडचा उकाडा वेगळ्या जातीचा आहे. मे महिन्यात लातूर-परभणीकडे पारा 40 अंशांच्या वर जातो, पण हवा कोरडी असते आणि पहाटेपर्यंत बऱ्यापैकी गारवा येतो, त्यामुळे दिवसभर तापलेल्या जाड भिंतीला रात्री निवायला सवड मिळते. किनाऱ्यावर पारा 33-34 च्या आसपास थांबतो, परंतु रात्रीही तो 25-26 च्या खाली क्वचितच उतरतो आणि हवेत दमटपणा इतका असतो की घाम वाळत नाही. तिथे जाड भिंत दुपारची ऊब नेमकी झोपेच्या वेळी खोलीत सोडते. आपला कूलरही तिथे हात टेकतो, कारण आधीच पाण्याने भरलेल्या हवेत आणखी पाणी मिसळून फारसा गारवा मिळत नाही. किनाऱ्यावर सुख देतो तो अंगावरून जाणारा वारा. शिवाय आज दोन हात रुंदीची भिंत कोणी बांधत नाही, आणि 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर मातीत रचलेल्या दगडी भिंतींचा धसका आपल्याकडे बसलेलाच आहे. म्हणजे वाडा पद्धतीच्या नावाखाली नऊ इंची विटांचीच भिंत येते. जुन्या भिंतीचा गुण येत नाही, खिडकी मात्र तेवढीच लहान येते.

खिडकीचा हिशेब तर आकड्यांतच मांडता येतो. घरांतल्या ऊर्जाबचतीसाठी केंद्राने केलेल्या 2018 च्या इको निवास संहितेत उघडणाऱ्या भागाचे चटईक्षेत्राशी किमान प्रमाण उष्ण-कोरड्या हवामानासाठी 10 टक्के, तर उष्ण-दमट हवामानासाठी 16.66 टक्के दिले आहे. 120 चौरस फुटांच्या खोलीला हे प्रमाण लावले, तर 12 चौरस फुटांच्या जागी 20 चौरस फूट उघडे हवे. इथे सरकती खिडकी फसवते, कारण तिचा अर्धाच भाग एका वेळी उघडतो. बाहेर उघडणारी झडप किंवा लाकडी झिलमिली बरी. खिडक्या समोरासमोरच्या भिंतींत असाव्यात, कारण दिवसा वारा समुद्राकडून येतो आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातो. आपल्याकडे ज्या पश्चिमेला आपण पाठ फिरवतो, तीच बाजू तिथे उघडावी लागते; मात्र ऊन आणि पावसाळ्यातली झड दोन्ही त्याच अंगाने येत असल्यामुळे पडवी आठ फुटांपेक्षा अरुंद ठेवू नये.

पहिल्या नकाशातला चौक मात्र टाकून देण्यासारखा नाही. गोव्याच्या जुन्या घरांत राजांगण असते, केरळच्या नालुकेट्टू या पारंपरिक घरात मधले अंगण असते आणि श्रीलंकेचे वास्तुविशारद जेफ्री बावा यांनी कोलंबोत 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला एना डिसिल्वा यांच्यासाठी बांधलेले आधुनिक घरही अंगणाभोवतीच रचलेले होते. चौकाभोवतीच्या खोल्या बाहेरच्या बाजूनेही उघडल्या, की तोच चौक वारा खेळवतो.

लांबट घराला जागा जास्त लागते, ही त्याची खरी अडचण. त्यात 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरचा पट्टा नव्या घरासाठी बंद असतो, म्हणून वापरता येणारी जागा मोजूनच नकाशा काढावा. ती कमी पडली तर घर रुंद करण्यापेक्षा मजला चढवणे चांगले. काँक्रीटबाबत निवडीचा प्रश्नच नाही. सौम्य हवेत सळईवर 20 मिलिमीटरचे कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, चालतो, पण किनारी हवेला उघड्या असलेल्या बांधकामासाठी काँक्रीट बांधकामाच्या आयएस 456 या भारतीय मानकात 45 मिलिमीटर आणि किमान एम 30 प्रतीचे काँक्रीट सांगितले आहे. गावाकडचा कंत्राटदार नेणार असाल, तर हे करारात लिहून घ्या.

राहिले छप्पर. लाकडी वाशांवरची कौले हलकी असतात, लवकर निवतात आणि फटींतून गरम हवा सोडतात. पण पावसाळ्याआधी दरवर्षी घर शाकारावे लागते, आणि 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीत कौले आणि पत्रे किती सहज उडाले, हे सर्वांनी पाहिले आहे. नुसता सपाट स्लॅब वादळात टिकतो, परंतु उन्हाने तापतो आणि तिथल्या पावसात गळतीला निमित्त देतो. कुटुंब तिथेच राहायला जाणार असेल, तर वासे नीट बांधून घेतलेले कौलारू छप्पर घ्यावे. घर वर्षातले दहा महिने कुलूपबंद राहणार असेल, तर उतरता स्लॅब घालून त्यावर हवेची फट ठेवून कौले बसवावीत, खर्च थोडा वाढला तरी चालेल. अशा बंद घरात खोल्यांच्या वरच्या भागात कायम उघड्या, जाळी लावलेल्या झरोक्यांची सोय आधीच करून घ्यावी, नाहीतर पावसाळ्यानंतर कपाटे आणि गाद्या बुरशीने भरलेल्या सापडतील. एसी हवाच असेल, तर एकच खोली झरोक्यांशिवाय, घट्ट बंद होणारी बांधावी.